पंढरीशेटच्या दारावरून शर्यत

रणजीत साबळेला पदक हवं होतं. कसलंही चाललं असतं. तिशी उलटली तरी त्याच्या नावावर शाळेतल्या लिंबू-चमच्याचंसुद्धा बक्षीस नव्हतं, आणि तुर्भ्याच्या मार्केटात वडिलांच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर बसून पदकं मिळत नाहीत, पोट सुटतं. एकदा माथाड्यांनी गंमत म्हणून त्याला गोणी तोलायच्या काट्यावर उभा केला आणि वजन मोठ्याने ओरडून सांगितलं. अख्खी गल्ली हसली. त्याच आठवड्यात वाशीतल्या एका क्लबाच्या फाटकावर त्याने फलक वाचला. आधी तलावात पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर धावायचं, सगळं एका दमात. दोन तासांच्या आत पुरं करील त्या प्रत्येकाला पदक. नंबर काढायची गरज नाही हे वाचून रणजीत तिथल्या तिथे खेळाडू झाला.

"तीन-तीन खेळ एकदम?" त्याची बायको जागृती म्हणाली. "तुमाला एक तरी येतो का?"

"पोहता येतं. गावच्या विहिरीत शिकलोय."

ते खरं होतं. पण विहिरीत शिकलेला माणूस गोल पोहतो. साताऱ्याकडच्या विहिरीत सरळ जायला जागाच नसते, त्यामुळे रणजीत क्लबाच्या तलावात उडी मारायचा आणि थोड्या वेळाने शेजारच्या पट्ट्यातल्या कुणाच्या तरी अंगावर निघायचा. सरळ पोहायला शिकण्यात त्याचा उन्हाळा गेला. पण खरा घोटाळा पोहण्याने झाला नाही. तो खाण्याने झाला.

कुठल्याशा मासिकात वाचून रणजीतने तेल, भात, मटण, मासे, साखर सगळं सोडलं. सोडायला हरकत नव्हती, पण वेळ चुकली. मे महिन्यात त्याच्या मेव्हण्याची, दिपेशची हळद होती. जागृतीचं माहेर करावे गावातलं, आगरी. आणि आगऱ्यांच्या घरी लग्नाला एक वेळ नाही गेलं तरी खपतं, हळदीचं जेवण चुकवलेलं खपत नाही. सासरे पंढरीशेट यांनी बोकड कापले होते, मांडव गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. जावयाच्या पुढ्यात ताट आलं. रणजीतने ते हळूच बाजूला सारलं आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला. त्यात दोन उकडलेली अंडी आणि एक काकडी होती.

"मामा, राग मानू नका," तो म्हणाला. साताऱ्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. "मी डाएटवर आहे."

पंढरीशेट तेव्हा काही बोलले नाहीत. नंतरही बोलले नाहीत. म्हणजे जावयाशी बोलले नाहीत, बाकी सगळ्या गावाशी बोलले. "मांडवात बसून घरची काकरी खाल्लान. माझ्या घरान काय इख शिजलंवतं?" दिवाळसणाला बोलावणं आलं नाही. जागृती एकटी माहेरी गेली की ते तिच्याशी दोन शब्द बोलायचे, रणजीतचं नाव निघालं की उठून मागच्या दाराने जायचे. ती परत यायची ते डोळे पुसतच. रणजीतलाही वाईट वाटे. पण माफी मागावी तर सासरा समोर उभा राहील तेव्हा ना.

डिसेंबर आला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी क्लबात सगळ्या स्पर्धकांना बोलावून प्रमुख पंच रावसाहेब यांनी सांगितलं की ठरलेला रस्ता टेलिफोनवाल्यांनी खणून ठेवला आहे, तेव्हा सायकली आता नेरुळवरून करावे गावातून बेलापूरला जातील आणि त्याच वाटेने परत येतील. रावसाहेब शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक होते. शाळा सुटली होती, शिट्टी सुटली नव्हती.

रणजीतने घरी येऊन नवा रस्ता सांगितला. जागृतीने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"म्हणजे आमच्या दारावरनं?"

"असेल."

"असेल काय. गावात रस्ता एकच हाय. उद्या दारात उतरायचं. बाबांच्या पाया पडायचं. देतील ते खायचं, मग ते काय का असेना."

"अगं, शर्यत आहे ती."

"जावई दारावरनं जातो आणि थांबत नाय? अख्खा गाव बघणार. आधी उपाशी गेलात, आता न बघता जाणार. उद्या थांबला नाहीत ना, तर मला बाबा कायमचे तुटले. मग पदक घेऊन तिकडंच र्‍हावा."

एवढं बोलून ती कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेली आणि आईला, पुतळाबाईंना, सगळं सांगून आली. रणजीतने रात्री मनातल्या मनात हिशेब केला. उतरणे, पाया पडणे, एखादा लाडू तोंडात टाकणे, निघणे. फार तर तीन मिनिटं. सासरा जिंकायचा आणि पदकही, असा त्याचा बेत होता. माणूस मार्केटातला, दोन्हीकडून फायदा बघायची सवय.

सकाळी तो तलावात जवळजवळ सरळ पोहला. बाहेर आला तेव्हा त्याच्या मागे फक्त एक बँकेचे मॅनेजर होते, आणि तेही चष्मा शोधत होते. सायकलवर मात्र त्याला सूर लागला. नेरुळपर्यंत त्याने चौघांना गाठलं, करावे गावात शिरताना आणखी दोघांना. आणि समोर बघतो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. पंढरीशेटच्या दारात रांगोळी. स्वतः पंढरीशेट इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पायरीवर.

रणजीतने ब्रेक दाबले, सायकल भिंतीला टेकवली आणि थेट पायांवर डोकं ठेवलं.

"मामा, चुकलं माझं."

पंढरीशेटने पाय मागे घेतले. मग जावयाकडे न बघता, शेजारी आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, "पुतळे, त्याना इचार, थांबला कनाला?"

"अहो, तुमच्या पाया पडाला थांबलेत ते," पुतळाबाई म्हणाल्या.

"त्याना सांग, शर्यतीन कोनी पाया परतं? त्यो बघ, लाल चड्डीवाला गेला. त्यो टकल्या गेला. मी अख्ख्या गावाला सांगलंय, माझा जावय सगल्यांचे पुरं जाल. आनि ह्यो माझ्याच दारान येऊन झोपलाय."

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी क्लबाची पोरं दारासमोर चुन्याचे बाण काढून गेली तेव्हा पंढरीशेटने चौकशी केली होती. रात्री पुतळाबाईंनी जावयाचं नाव सांगितलं. जावयाशी बोलायचं नाही हे खरं, पण जावयाबद्दल फुशारकी मारायची नाही असं काही ठरलं नव्हतं. सकाळी सहापासून ते घरोघर सांगत फिरले होते.

"मामी, मग निघू मी?" रणजीतने विचारलं.

"ओवालल्याशिवाय?" पुतळाबाईंनी काडी ओढली. वाऱ्याने विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तेवढ्यात बँकेचे मॅनेजर चष्मा घालून समोरून गेले. ते बघून पंढरीशेटचा धीर सुटला. त्यांनी रणजीतला दंडाला धरून सायकलवर बसवलं, सीटला मागून हात लावला आणि इस्त्रीच्या शर्टात देवळापर्यंत धावत ढकलत नेलं. बोलले मात्र अक्षर नाही.

रणजीत बेलापूरच्या वाटेला लागला तो डोकं भणभणत. थांबलो ते चुकलं. तीन मिनिटांची दहा झाली, सासऱ्याचं नाक कापलं ते वेगळंच. आता येताना काय वाट्टेल ते होवो, थांबायचं नाही. त्याने ते इतकं मनावर घेतलं की बेलापूरला वळसा मारून मॅनेजरना परत मागे टाकलं आणि करावे गावात मान खाली घालून सुसाट शिरला.

इकडे पुतळाबाईंनी नवऱ्याला फैलावर घेतलं होतं. "दुसऱ्यांदा जावय दारातून उपाशी गेला. आता कोनाला तोंड दाखवाचं? हलदीन तेचं चुकलं, आज तुमचं चुकलं." पंढरीशेटना ते पटलं. बाईचं म्हणणं पटलं असं ते आयुष्यात कधी म्हणाले नव्हते, पण आत जाऊन तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील ताटात घेऊन स्वतः रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. जावई थांबेल, दोन घास खाईल, मग काय ते बोलू, असं त्यांच्या मनात होतं.

रणजीतला रस्त्यात सासरा दिसला. त्याने सायकल सफाईने डावीकडून काढली, हात वर केला आणि ओरडून सांगितलं, "मामा, थांबत नाही आता. काळजी करू नका."

आणि तो गेला. ताट तसंच राहिलं. ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "पंढरीशेट, जावय गेला की."

पंढरीशेटने ताटातली भाकरी बोंबलांसकट गुंडाळली, पुतळाबाईंच्या हातात दिली, त्यांना मागे बसवलं आणि दारातल्या एम-एटी स्कूटरला किक मारली.

वाशीत रणजीत सायकल ठेवून धावायला लागला होता. पहिला किलोमीटर बरा गेला. दुसऱ्यात त्याचे पाय जड झाले. तिसऱ्यात पोटात असा गोळा उठला की तो कडेच्या कठड्यावर जाऊन बसला. सकाळपासून पोटात एक केळं होतं, तेही पाण्यात असतानाच जिरलेलं. मॅनेजर त्याला पुन्हा ओलांडून गेले आणि जाताना सहानुभूतीने हसले. रणजीतने पदकाची आशा सोडली. सासराही हातचा गेला, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात एम-एटी येऊन थांबली.

"पुतळे, त्याना सांग, ऊठ."

"तुमीच सांगा," पुतळाबाई म्हणाल्या. "माझं तोंड दुखलं."

पंढरीशेटने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मागून येणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

"रणजीत," ते म्हणाले, "ऊठ. आनि तोंड उघर."

रणजीतने तोंड उघडलं. भाकरीचा मोठा तुकडा बोंबलासकट आत गेला. महिनोन् महिने काकडी खाल्लेल्या माणसाला तळलेला बोंबील मिळाला की काय होतं ते सांगायला नको. तो उठला. तो धावायला लागला, शेजारून एम-एटी पहिल्या गिअरमध्ये, आणि मेपासून साठलेलं सगळं बोलणं पंढरीशेट चालत्या गाडीवरून ऐकवत होते. काकडीपासून सुरुवात झाली. मग दिवाळसण झाला, मग जागृतीचं रडणं. मधे मधे घास. रणजीतचं तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला फक्त मान हलवता येत होती, आणि सासऱ्याशी वाद न घालण्याची यापेक्षा चांगली सोय नाही. क्लबाच्या फाटकात तो शिरला तेव्हा दोन तास व्हायला जेमतेम मिनिटभर बाकी होतं.

जागृती टॉवेल घेऊन मैदानाच्या पलीकडून धावली. पण ती पोचायच्या आधीच शिट्टी वाजली.

"एक मिनिट," रावसाहेब म्हणाले. "हे गृहस्थ गाडीवरून तुम्हाला खायला घालत होते. रस्त्यावरच्या परक्या माणसाने कौतुकाने काही दिलं तर माझी हरकत नाही. पण घरचा माणूस गाडी घेऊन सोबत असेल तर स्पर्धक बाद." मग त्यांनी पंढरीशेटकडे वळून विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?"

पंढरीशेटने घामाने निथळणाऱ्या जावयाकडे बघितलं. टेबलावरच्या पदकांकडे बघितलं.

"नाय," ते म्हणाले. "मी नाय वलखत ह्याना."

"नक्की?"

"गावान कोनालाबी इचारा. मे महिन्याधरना मी ह्याचेशी बोलत नाय."

पुतळाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या आकाशात बघायला लागल्या. रावसाहेबांनी मान हलवून पदक उचललं. रणजीतने वाकून मान पुढे केली. आणि जागृतीचा हुंदका फुटला. तिने यातलं काहीच बघितलं नव्हतं. तिने फक्त शेवटचं ऐकलं होतं.

"अजून राग गेला नाय तुमचा? ते दारात थांबून पाया पडले नाहीत का? बाबा, माझ्याकडं तरी बघा."

"गप र्‍हा गो," पंढरीशेट दातांमधून म्हणाले. "त्याचं पदक जाल."

पदक हवेत थांबलं. "बाबा?" रावसाहेब म्हणाले. "ही बाई या स्पर्धकाची पत्नी ना? मग हे तुमचे कोण लागतात?"

अजून नाही म्हणता आलं असतं. पंढरीशेटने तशी तयारीही केली, छाती भरून घेतली. पण समोर मुलगी रडत होती, आणि जावई ओठांना बोंबलाचं तेल लागलेल्या तोंडाने त्यांच्याकडे बघत होता.

"जावय हाय माझा," ते म्हणाले. "कर बाद."

रावसाहेबांनी पदक परत टेबलावर ठेवलं. रणजीत त्याच्याकडे क्षणभर बघत राहिला. वाईट वाटलंच, का वाटू नये. जागृती मात्र बापाच्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसून आणखी जोरात रडत होती, आणि हे रडणं त्याला ओळखीचं नव्हतं.

पंढरीशेटने तिला थोपटलं, गाडी फिरवली आणि मागची सीट हाताने पुसली.

"जावयबुवा, बसा. घरी मटन शिजतंय." मग त्यांनी बायकोकडे बघितलं. "तू नि पोर मागून बस पकरून या."