शाळेमागच्या पुलाचा सारांश

लिहिणाऱ्याला वेळ असतो आणि वाचणाऱ्याला नसतो, या शाश्वत सत्यावर नगरकार्यालयाचा सारांश विभाग उभा होता. आलेला अर्ज एक तृतीयांश करायचा, उदाहरणे गाळायची, विशेषणे काढायची आणि स्वतःचे मत घालायचे नाही (मत असल्यास), असा नियम होता. तिथल्या कारकुनाने एकवीस वर्षांत एकाही अर्जाला एक ओळ जास्त दिली नव्हती. घरी बायको भांडायला लागली, की तिचे तीन मुद्दे तोच तिला काढून देत असे.

एकदा एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा अकरा पानी अर्ज आला. शाळेमागच्या नाल्यावरचा लाकडी पूल कुजला होता. कुठली फळी हलते, कुठलीवरून मुले उडी मारून जातात, सगळे त्यांनी वर्गात शिकवावे तसे फोड करून लिहिले होते. कारकुनाने फळ्या ही उदाहरणे ठरवून गाळल्या. कुजका, डगमगता, धोकादायक ही विशेषणे काढली. उरलेली पाने हेडक्लार्कने तिसऱ्या हिश्श्यावर आणली, ती उपसाहेबांनी आणखी. साहेबांच्या टेबलावर पोचले ते असे : ‘शाळेमागे पूल आहे.’ साहेबांनी समाधान व्यक्त करून फाईल बंद केली.

बाई चौकशीला आल्या. त्यांनी सारांश वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“शुद्धलेखन चोख आहे,” त्या म्हणाल्या. “आता त्या पुलावरून एकदा चालून या.”

कारकून गेला आणि सातव्या फळीवरून थेट कमरेपर्यंत नाल्यात उतरला. मुलांनी त्याला सरावाने वर ओढले. “काका, सातवीवर पाय नाही द्यायचा,” एक मुलगी समजुतीने म्हणाली. हे अर्जाच्या पाचव्या पानावर होते. ते पान त्यानेच गाळले होते.

घरी येऊन त्याने एकोणीस पानी अहवाल लिहिला. त्यात आयुष्यात प्रथमच विशेषणे होती. नुसत्या वासालाच दोन पाने लागली. बायकोने तो शेवटपर्यंत ऐकला.

“म्हणजे पडलात,” ती म्हणाली.

त्याला ते फार लागले. कार्यालयात अहवाल नियमाप्रमाणे ‘कर्मचारी ओला’ एवढाच उरला आणि साहेबांनी एक टॉवेल मंजूर केला.

दुसऱ्या दिवसापासून कारकून रजा टाकून बाईंबरोबर पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. दोघे आळीपाळीने येणाऱ्याजाणाऱ्याला अकरा पाने वाचून दाखवत. पहिल्या आठवड्यात चारशे बारा माणसे आली. पूर्ण अर्ज तिघांनी ऐकला (दोघे कुणाची तरी वाट पाहत होते, तिसऱ्याची चप्पल फटीत अडकली होती). बाकीचे “थोडक्यात सांगा” म्हणत पुढे निघाले. पैकी एकोणीस जण सविस्तर भिजले.

त्यांना हसू नये. ही गोष्ट वाचायला घेण्याआधी ती कुठे संपते, हे आपणही हळूच पाहून घेतलेच आहे.