सिव्हिलियन नाना

चालताना आपलं पाऊल शेजारच्या माणसाच्या पावलाशी जुळलं तर तुम्ही काय करता? काहीच करत नाही, तुमचं लक्षही जात नाही. आमचे नाना मात्र जागच्या जागी थांबायचे. "मास्तर, तुम्ही व्हा पुढे," म्हणायचे, मला दोन पावलं जाऊ द्यायचे आणि मग मुद्दाम उलटं पाऊल टाकून गाठायचे. "आपण सिव्हिलियन माणसं. कवायत आपल्याला शोभत नाही." चौथ्या गल्लीपासून पांझरा नदीच्या पुलापर्यंत रोज संध्याकाळी हा तमाशा. लोक तोंडावर उपरणं धरून हसायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नाना माझे शेजारी. धुळ्याच्या कचेरीत तीस वर्षं इंग्रजी कागदांचं भाषांतर करून पेन्शनीत निघालेले. मी शाळामास्तर. महायुद्ध पेटलं, वर्तमानपत्रात हा शब्द रोज दिसायला लागला, आणि नानांनी तो जो उचलला तो काही खाली ठेवला नाही. त्याआधी आमच्याकडे सिव्हिलियन म्हणजे विलायतेची परीक्षा देऊन आलेला कलेक्टर. त्यामुळे नानांनी कापडवाल्या रूपचंदशेठना "तुम्हीसुद्धा सिव्हिलियनच" असं सांगितलं, तेव्हा शेठजी गादीवरून उठून उभेच राहिले.

"नाना, गरिबाची थट्टा कशाला करता?"

"अहो, थट्टा कसली! जो पलटणीत नाही तो सिव्हिलियन. ज्याला कोणी सलाम ठोकत नाही, आणि ज्यानं नाही ठोकला तरी चालतं, तो."

शेठजींनी जरा विचार केला. "म्हणजे आपण होतो तेच ना?"

"तेच! पण आता त्याला शब्द आहे," नाना म्हणाले.

एकदा आग्रा रोडवरून लष्करी लॉऱ्यांची रांग चालली होती आणि गवळ्याची एक म्हैस मधोमध बसली. भोंगे वाजले, शिव्या झाल्या, एक गोरा सार्जंट खाली उतरून लालबुंद झाला. म्हैस आपली रवंथ करतेय. नाना खुशीत येऊन माझा दंड दाबतात, "बघा मास्तर, हुकूम ऐकते का! अस्सल सिव्हिलियन!" आमच्या शाळेत येऊनही हेडमास्तरांना सांगून गेले, पोरांना रांगेत उभं करू नका, घोळका बरा. बोलणी कोणी खाल्ली? मी.

तुम्ही म्हणाल, माणूस चक्रम. होताच. पण नानांचा एकुलता एक मुलगा, वसंता, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता, आणि त्याचा अर्ज नानांनी स्वतःच्या हातानं भरला होता.

मॅट्रिक होऊन वसंता दोन वर्षं घरी बसून होता. लष्कराला कारकून हवेत अशी जाहिरात आली. नानांच्या पत्नी, अक्का, नको नको म्हणत होत्या. नाना हसले. "अगं, कारकून! कचेरी कुठलीही असो, कारकून हा सिव्हिलियनच. टेबल, दौत आणि टाक. बंदुकीशी त्याचा काय संबंध?" सगळा जन्म कचेरीत गेलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय! फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं. वर्दी, शपथ, हुकूम होईल तिथं जाणं. गावाचे कागद उलटून पालटून वाचणाऱ्या नानांनी घरचा कागद तेवढा उलटला नाही. सहा महिन्यांत वसंता खांद्याला रायफल लावून बोटीवर चढला. अक्का एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर नानांना बरं वाटलं असतं.

शेवटच्या वर्षी चार महिने पत्र नाही. नानांचं पुराण मात्र वाढतच चाललेलं. एका संध्याकाळी पुलावर त्यांनी पुन्हा पाऊल बदललं आणि माझं डोकं फिरलं. "पुरे झालं हो, नाना! तुमचा स्वतःचा मुलगा मिलिटरीत आहे!"

नाना कठडा धरून उभे राहिले. "तो नाही हो मिलिटरी. तो कारकून आहे. कागद वाचायला मी चुकलो. त्या पोरानं काय केलं होतं?"

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पुढे पत्र आलं, युद्ध संपलं, तरी पलटणीतून सुटका व्हायला महिने लागले. आणि थंडीतल्या एका सकाळी, मी चहा घेत बसलो असताना, चौथ्या गल्लीत टांगा थांबल्याचा आवाज झाला. काही न कळवता वसंता चाळीसगावच्या गाडीनं येऊन उतरला होता.

आंघोळ, न्याहारी आटपू दे म्हणून मी तासभर दम धरला आणि मग गेलो. ओट्यावर ही गर्दी! रूपचंदशेठ हार घेऊन आलेले. नानांकडून आपल्या मुलाची पत्रं वाचून घेणारे सोनगीरचे भिला आबा बाजाराला आले होते, ते वांग्यांच्या पाटीसकट हजर. "नाना, भरीतनी वांगी लई उनू! पोऱ्या कोठे शे?"

"हळू, आबा, हळू!" नाना दारात हात पसरून उभे होते. "निजलाय तो. संध्याकाळी या सगळे. आत्ता कोणी नाही जायचं."

सगळे परतले. मीही वळलो, तर नानांनी माझं मनगट पकडलं आणि पाय न वाजवता मला आतल्या खोलीच्या दारापाशी नेलं. नुसत्या सतरंजीवर वसंता आडवातिडवा पसरला होता. काळवंडलेला, गालफडं बसलेली, तोंड उघडं. उशाशी अक्का बसल्या होत्या.

"ऐका," नाना कुजबुजले.

"काय?"

"घोरतोय हो!"

घोरत होता खरा, लाकडावर करवत चालावी तसा. नानांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "चार वर्षं, मास्तर... रोज सकाळी उठलो की वाटायचं, मीच मारला त्याला."

माझेही डोळे भरून आले होते. शाळेची पहिली घंटा झाली. मी हलकेच हात सोडवायला लागलो, तशी नानांनी पकड आणखी घट्ट केली.

"आज नका जाऊ शाळेत," ते म्हणाले. "बसा ना जरा. अजून घोरेल तो."