नामाभाऊंची आत्याबाई

नामाभाऊ केदारींचा डावा कान बहिरा आहे, असं लोणावळ्यापासून पवनानगरपर्यंत सगळे धरून चालत. त्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसणाऱ्याला काही सांगायचं असलं, तर पार पुढं वाकून त्यांच्या उजव्या कानापर्यंत तोंड न्यावं लागे. डोक्याला बाराही महिने मफलर. वैशाखात कुणी विचारलंच, तर म्हणत, "कानात वारं शिरतं." पवनानगरच्या शाळेत मास्तर म्हणून लागल्यावर मी लोणावळ्याहून रोज त्यांच्याच जीपनं जायचो आणि मीही महिनाभर त्यांच्या उजव्या कानात ओरडत होतो. मग एक दिवस कार्ल्याच्या अलीकडे मफलर घसरला आणि त्या बहिऱ्या कानात बोराएवढं काळं बोंडूक दिसलं. त्याची वायर सदऱ्यातून खाली उतरून सीटखाली गेली होती.

सीटखाली होता मिलिटरीतून भंगारात निघालेला रेडिओ. नामाभाऊ फौजेत बिनतारी खात्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी हे धूड पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललं, जीपच्या बॅटरीला जोडलं आणि पोलिसांचं आपसातलं बोलणं ऐकायला लागले. जीपला परवानगी सहा माणसांची. नामाभाऊ बारा घेत, कोंबड्या वेगळ्या. त्यामुळे पोलीस कुठं उभे आहेत हे आधी कळणं गरजेचं होतं. डावाच कान का, असं मी विचारलं तर म्हणाले, पोलीस येतो ड्रायव्हरच्या अंगानं, म्हणजे उजवीकडनं. त्याला डावा कान कशाला दिसतोय?

रेडिओला ते आत्याबाई म्हणत. अख्ख्या गावाच्या खबरा जिच्याकडे असतात अशी आत्या प्रत्येक घराण्यात असतेच. "आत्याबाई म्हंत्यात, कामशेतला उबे हायेत," असं नामाभाऊ पुटपुटले की मागची निम्मी माणसं बोचकी सावरायला लागत. चौकीच्या अलीकडे सहा जण उतरायचे, भाताच्या बांधावरून चौकीला वळसा घालायचे आणि पलीकडच्या आंब्याखाली पुन्हा चढायचे. उतरण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. एक मावशी मात्र पाळी नसली तरी उतरायची. पोलिसाला भिऊन नव्हे, गुडघे मोकळे होतात म्हणून, असं ती ठणकावून सांगायची. मास्तर म्हणून मला माफी होती. पण एकदा भिडेखातर उतरलो आणि घोट्यापर्यंत चिखल घेऊन वर्गात गेलो. त्या दिवशी पोरांनी माझं फार मन लावून ऐकलं.

आत्याबाईंचा अंदाज चुकायचाही. एकदा कानात आलं, "साहेब निघाले." नामाभाऊंनी वलवणपासून कामशेतपर्यंत तीन वेळा माणसं उतरवली आणि तीन वेळा चढवली. संध्याकाळी कळलं, साहेब निघाले होते ते कुटुंबाला घेऊन भुशी धरणावर, पाण्यात पाय सोडून बसायला. मावशीनं त्या दिवशी नामाभाऊंच्या सात पिढ्या काढल्या. नामाभाऊंनी ते उजव्या कानानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आत्याबाई खोटं बोलत नाही, आपलंच ऐकायचं चुकतं.

आता माझ्याबद्दल. चारचौघांना हसवायचं मला व्यसन आहे. वर्गात ते खपतं, बाहेर कुठं थांबायचं ते कळत नाही. त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाला नवे फौजदार प्रमुख पाहुणे होते. नाटुकलं झालं, बक्षिसं झाली, आणि चहाला आम्ही सात-आठ जण बसलो. फौजदार गप्पिष्ट माणूस निघाला. माझी जीभ सुटली. मी आत्याबाईची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, एवढी अक्कल होती. पण मफलर सांगितला, मावशीचे गुडघे सांगितले, तीन वेळची चढउतार साभिनय करून दाखवली. सगळे हसले. सगळ्यात जास्त हसले ते फौजदार. त्यांनी डोळे पुसले तेव्हा मला फार बरं वाटलं. मफलर बांधून जीप चालवणारा माणूस त्या रस्त्यावर एकच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी कामशेतला जीप अडवली. मी पुढच्या सीटवरच होतो. हवालदारानं कुणाला मोजलं नाही, की परवाना मागितला नाही. सरळ सीट उचलायला लावली. पोलिसांचं बोलणं चोरून ऐकणं हा गुन्हा आहे, फौजेतला माणूस म्हणून सोडतोय, असं म्हणून रेडिओ काढून नेला. नामाभाऊंनी हाताची घडी घालून ते सगळं पाहिलं. मग मफलर सोडला, घडी करून समोर ठेवला आणि जीप चालू केली.

पुढं ते नेमकी सहाच माणसं घ्यायला लागले. मला वाटलं, कमाई बुडाली म्हणून माणूस खचला. पण ते काही वेगळंच दिसत होतं. आता दोन्ही कान उघडे होते, तरी हाक मारली की तीनदा मारावी लागे. महिनाभर मी मनात कुढलो. शेवटी एका रविवारी संध्याकाळी वलवणला त्यांच्या घरी गेलो. घराला कुलूप होतं आणि दारातल्या जीपमध्ये नामाभाऊ बसले होते, इंजिन बंद, हात मांडीवर. मी बाजूला बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "हवालदारानं दुसऱ्याच दिशी सांगितलं. मास्तरांनी झ्याक नक्कल केली म्हंत व्हता."

म्हणजे महिनाभर ते जाणून होते. आणि महिनाभर रोज सकाळी पुढची सीट माझ्यासाठी रिकामी ठेवत होते. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो.

काही तरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, आता बाराऐवजी सहा म्हणजे नुकसानच. ते हसले.

"माणसांचं काय न्हाई वो, मास्तर. रोज सांजच्याला सात वाजता आत्याबाईवर हजेरी असायची. समद्या चौक्यांला नाव घिऊन इचारायचे. वडगाव? सब ठीक. कामशेत? सब ठीक. खंडाळा? सब ठीक. समद्यांचं झालं की मी बी म्हणायचो. नामा केदारी, वलवण, सब ठीक." मग म्हणाले, "तिकडं कुणाला ऐकू जात न्हवतं. पर म्हणायचो. आमची कारभारीण, सरू, होती तवर रोज दारात इचारायची, आलासा का. ती गेल्याव कोण इचारतंय?"

सात वाजून गेले होते. आम्ही दोघं बंद जीपमध्ये समोरच्या काचेकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी सातला वलवणला जायला लागलो. चार-पाच दिवस गेलो. त्यांनी आत बोलावून चहा केला, एकदा पिठलंही. मग परीक्षा आल्या, पेपर आले, निकाल आले. उद्या जाऊ, असं रोज म्हणत राहिलो. जूनमध्ये जुन्नरला बदलीची ऑर्डर आली. माझी ट्रंक आणि वळकटी नामाभाऊंनीच स्टेशनवर पोचवली. पैसे घेतले नाहीत. गाडी सुटताना खिडकीशी आले आणि म्हणाले, "पोचलासा की एक कार्ड टाका. लय ल्ह्यायचं न्हाई."

नवी शाळा, नवं बिऱ्हाड, मुख्याध्यापक खडूस. कार्ड आणलं होतं, टेबलावर पडून राहिलं. त्यावर चहाच्या कपाचा डागसुद्धा पडला. ऑगस्टच्या शेवटी एकदाचं लिहिलं: नामाभाऊ, पोचलो. सब ठीक. दहा दिवसांनी ते परत आलं. पत्त्यावर आडवी रेघ मारून पोस्टमननं पेन्सिलीनं लिहिलं होतं, मालक मयत.

चहाच्या टेबलावर हसवायला म्हणून जे बोललो, ते कामशेतच्या चौकीत तीन दिवसांत पोचलं होतं. ‘पोचलो, सब ठीक’ या तीन शब्दांना मला अडीच महिने लागले.