योहानभाऊंचं तिसरं माप

योहानभाऊंनी मला माझं वय तीन वेळा विचारलं होतं. तेही शेजारी राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, जिन्यात गाठून. सोमवारी मी अठ्ठावन्न सांगितलं, बुधवारी छप्पन्न, आणि शनिवारी अंगावर नवी साडी होती म्हणून पंचावन्न. त्यांनी शांतपणे मान हलवली. "बाई, तुमचा नग रिजेक्ट."

खरं वय एकसष्ट होतं. आता पंचाहत्तरीला आले, तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या कोवळ्या पोरीचं मला हसू येतं. पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली, नगरमधल्या आमच्या इमारतीची सेक्रेटरी, आणि माणूस बघताक्षणी ओळखते अशी स्वतःबद्दल ठाम समजूत.

योहानभाऊ मूळचे राहात्याकडचे. सुप्याच्या एका कारखान्यात तपासनीस होते. यंत्रातून निघालेला भाग मोजायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. "एकदा मोजलं म्हंजी मोजलंच न्हाई," हे त्यांचं पालुपद. पेरू गोड आहेत का, हे भाजीवाल्याला तीनदा विचारत. डॉक्टरला रक्तदाब तीनदा घ्यायला लावत. तिसऱ्या खेपेला डॉक्टरचाच वाढलेला असे. बायको, रूथ, ते इथे येण्याआधीच वारली होती. रोज अंधार पडला की एक लांबट पेटी घेऊन एकटेच गच्चीवर जात आणि मध्यरात्री उतरत.

एकटा माणूस, गच्ची, आणि समोर नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह. माझ्या डोक्यात कथा तयार झाली. एका रात्री लाटणं घेऊन मी वर गेले आणि दार ढकलताच गच्चीवरचा मोठा दिवा लावला.

योहानभाऊ लॅपटॉपसमोर बसले होते, वसतिगृहाकडे पाठ करून. दुर्बीण आभाळाकडे होती. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, ग्रह अर्ध्यात हुता."

मग मला बसवून त्यांनी समजावलं. एका ठळक ताऱ्यासमोरून आपल्या गुरूएवढा दांडगा ग्रह जात असावा, असा दूरच्या खगोलवाल्यांना संशय होता. तो ग्रह काही दिसत नाही. तो आडवा आला की ताऱ्याचा उजेड शंभरातला एक भाग कमी होतो, तेवढाच पुरावा. "मांडवातल्या हॅलोजनपुढनं किडा गेल्यावानी," भाऊ म्हणाले. खात्री करायला ठिकठिकाणचे हौशी लोक आपापल्या गच्चीवरून तो उजेड मोजून पाठवत. भाऊंची दोन मापं जुळली होती. तिसरं माझ्या दिव्याने खाल्लं.

"पुन्हा कधी येणार हा?" मी पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारलं.

"आपल्या गच्चीवरनं दिसंल असा, बावीस दिवसांनी. त्याच्याफुडं पावसाळा."

"आणि जमलं तर?"

"शोध छापत्याल त्या कागदावर नाव लागंल. बारीक अक्षरात. पन लागंल." मग दुर्बिणीवर झाकण घालत म्हणाले, "तीस वर्सं दुसऱ्याचंच नग तपासलं, बाई. ह्यो एक आपला."

बावीस दिवस मी अपराध्यासारखी वावरले. गच्चीचा दिवा काढून गव्हाच्या डब्यात लपवला. बाविसाव्या रात्री तर वरच्या पायरीवर लाटणं घेऊन पहाऱ्यालाच बसले. मे महिना, तळमजल्यावरचे पाटील गच्चीवर झोपायला निघाले होते, त्यांना गादी-उशीसकट परत पाठवलं. "वर काय चाललंय, बाई?" पाटलांनी विचारलं. "ग्रह येतोय," मी म्हणाले. ते हळूच मागे सरले.

साडेअकराला मी वर गेले. पडद्यावर उजेडाचे ठिपके एका ओळीत होते आणि मधे खाली वाकले होते. मला तर छान वाटलं.

"खड्डा मागच्या खेपंच्या निम्माच हाय," भाऊ म्हणाले. "ग्रह असता तर दर खेपंला तेवढाच उजेड झाकला असता. ह्ये दोन तारे हायत. एकमेकांपुढनं जात्यात. ह्यो आड आला की येगळं माप, त्यो आड आला की येगळं."

मी आयुष्यभर ग्रेस मार्क वाटत आलेली. म्हटलं, "पास करून टाका. ढग आला होता म्हणा. तपासायला नगरला कोण येतंय?"

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. पुन्हा. मग "रिजेक्ट" म्हणाले आणि स्वतःच्या हाताने तसं लिहून पाठवून दिलं. नावाचा विषय तिथेच संपला.

आता आवरतील म्हणून मी दार धरून उभी राहिले. त्यांनी लॅपटॉप मिटला, दुर्बिणीचा कॅमेरा काढला, तिथे डोळा लावायचं भिंग बसवलं आणि वाकून बघत राहिले. बराच वेळ.

"आता काय मोजायचं राहिलंय?"

"मोजत न्हाई. रूथ म्हनायची, एवढं आभाळ हाय आन् तुमी नुसतं मोजता. आज बगतो जरा." मग बाजूला सरकले. "या, बाई."

मी डोळा लावला. एकच तारा दिसला. तसं म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. "लई जवळ हायत."