बेहेऱ्यांची वीतभर भिंत

शेजारच्या बेहेऱ्यांनी माझ्या घरी पोह्यांचं उत्खनन केलं, तेव्हाच ओळखलं, हा गृहस्थ ताप देणार. "खोबरं सर्वांत अलीकडचं," बशीत चमचा उभा खुपसत ते म्हणाले, "तळाशी करपलेला थर. म्हणजे वहिनी मध्येच कुणाशी तरी बोलत उभ्या होत्या." होतीच की हो! तेव्हापासून आमची ही केराचा डबासुद्धा त्यांच्यापासून लपवायला लागली.

साठ सालच्या सुमारास आम्ही दोघे जयपुरात, मी विम्यात, ते पुराणवस्तू खात्यात. एकटेच राहत, बायको मी यायच्या आधीच वारलेली. चौमू गावाच्या पलीकडे, धातू ठाऊक नसलेल्या माणसांची हजारो वर्षांपूर्वीची वस्ती ते ब्रशाने झाडत असत. एकदा दिल्लीचे बडे साहेब पाहणीला आले. जीपमध्ये जागा होती म्हणून मीही गेलो.

"सोना निकला?" साहेबांनी विचारलं.

"नहीं जी, चूल्हा निकला."

"चूल्हा तो हमारे घर में भी है!" म्हणत साहेब कचोऱ्यांकडे वळले.

बेहेरे आपले चुलीपाशी उकिडवे. "अहो विमावाले, इथली जमीन बघा, कशी गुळगुळीत झालीय. इथे रोज एक बाई बसायची." तिथे त्यांनी मला पाऊल टाकू दिलं नाही.

खड्ड्याच्या मधोमध मातीची एक भिंत न खणता सोडलेली. म्हटलं, "कंटाळलात वाटतं?"

"ही साक्षीला ठेवायची असते. सगळंच खणलं, तर आधी काय होतं ते सांगणार कोण?"

हे वेड घरीही. दर दिवाळीला घरमालक भिंतींना चुना लावून घेत, आणि हे स्वयंपाकघरातली वीतभर भिंत सोडायला लावत. "थर मोडू नका!" ती कळकट पट्टी म्हणजे आमच्या मराठी मंडळाची हक्काची करमणूक. सर्वांत जास्त मीच हसायचो.

मग त्यांची बदली झाली. त्यांच्या खोल्या आम्ही घेणार होतो. सामान टांग्यात चढलं, रंगारी बादली घेऊन दारात उभा, आणि बेहेरे त्या पट्टीसमोरून हलेनात.

"भिंत काही उचलून नेता येत नाही हो," ते म्हणाले.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. चुलीशेजारी, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, तेलाचा एक गोल डाग.

"तांदूळ निवडताना डोकं टेकायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगाऱ्याला म्हटलं, "भैया, ये वाली छोड़ देना."

पुढे आमची ही त्याच चुलीपाशी बसायची. कितीही दमली, तरी त्या भिंतीला कधी टेकली नाही.