कोंबड्यांच्या खोलीतला बर्फ

ज्या गावात उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळालाही चहाचं पाणी येतं, त्या गावात मी बर्फाच्या कणाचा फोटो काढला आहे! हसू नका. ही आखातातल्या दोह्यातली, एक्याऐंशी सालच्या ऑगस्टमधली गोष्ट.

मी एका कोल्ड स्टोरेजमध्ये कारकून होतो आणि साताऱ्याकडचा केरबा तिथला फ्रीजर मेकॅनिक. एक दिवस तो माझ्या टेबलाशी पडलेल्या चेहऱ्यानं उभा राहिला.

"साहेब, आमच्या गावचा पोपटराव सुट्टीवरनं आला. म्हनला, माझ्या तानीला शाळेत पोरी चिडवत्यात. अरबस्तानात नुसती वाळू, तुझा बाप बर्फात काम करतो ही थाप हाय म्हनं."

"मग? चिडवू देत!"

"आता तानीलाबी थापच वाटाय लागलीय. दोन वर्सं बापाचं तोंड न्हाई बघितलं पोरीनं. त्यात बाप लबाड ठरला!"

"पाठव की बर्फाच्या लादीचा फोटो."

"लादी तालुक्यालाबी मिळती. तिला पुस्तकातल्यावानी पायजे. चांदनीसारखा कन."

"एवढंच ना? उद्या जेवणाच्या सुट्टीत काढू!" मी म्हणालो. माझ्याकडे जुना रशियन कॅमेरा होता. त्याचं भिंग काढून उलटं धरलं आणि वायरमनच्या टेपनं चिकटवलं, की मुंगी म्हशीएवढी दिसते. बर्फाचीही सोय होतीच. गोठवलेल्या कोंबड्यांची खोकी ठेवायच्या खोलीचं दार जरा उघडं ठेवलं, की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि बर्फाचा भुगा खाली गळतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत शिरलो. मी काळं कापड पसरलं. त्यावर एक सुरेख कण पडला आणि त्याचं पाणी झालं! कापड माझ्या खिशात उबलं होतं. ते गार होईपर्यंत माझं नाक गोठलं. दुसरा कण आला. मी वाकलो, श्वास सोडला, कण खलास! मग मी तोंडाला टॉवेल गुंडाळला. तोवर पंख्याच्या वाऱ्यानं कापड थरथरायला लागलं.

"केरबा, खोक्यांवर आडवा हो. कापड छातीवर ताणून धर. श्वास रोखायचा आणि मी सांगेपर्यंत हूं की चूं करायचं नाही!"

केरबा कोंबड्यांवर आडवा झाला. आज्ञाधारकपणात त्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या आखातात नव्हता. मी कॅमेरा घेऊन त्याच्यावर वाकलो.

नेमका तेव्हाच स्टोअरकीपर रहमानभाई आत डोकावला. त्याला काय दिसलं? ताठ पडलेला केरबा, अंगावर काळं कापड आणि शेजारी तोंड झाकून, मान खाली घालून उभा असलेला मी!

"या अल्ला! केरबा गया!"

"नहीं नहीं, भाईसाब…" मी टॉवेलातून म्हणालो. त्याला तो हुंदका वाटला!

"केरबा! कुछ तो बोल!"

केरबा बोलेना. मी सांगितलं कुठे होतं? रहमानभाईनं दार सताड उघडून हाका मारल्या. यल्ला यल्ला, चला चला करत निम्मी कंपनी आत आली, मागोमाग ऑगस्टची वाफ आली आणि छताखाली खराखुरा बर्फ भुरभुरू लागला! त्या बर्फात रहमानभाईनं रडत केरबावर झेप घेतली. त्याचा धक्का मला बसला, मी केरबाच्या तोंडावर कोसळलो, कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं.

"साहेब," केरबा कळवळला, "आता श्वास घिऊ का?"

अख्ख्या रोलमध्ये तेवढा एकच फोटो आला. पण काय आला! केरबाची मिशी दोरखंडाएवढी, सगळी बर्फानं माखलेली आणि मधल्या केसावर सहा पाकळ्यांची रेखीव चांदणी. मी तो ऑफिसभर मिरवला. केरबानं तो गावी पाठवला.

महिन्याभरानं गावाहून आवाज भरलेली कॅसेट आली. केरबानं ती माझ्याच टेपवर लावली. आधी कोंबडा आरवला, मग तानीचा बारीक आवाज आला.

"आबा, बर्फ बघिटला. पोरींनी बी बघिटला. आता कुनी चिडवत न्हाई." मग जरा खरखर. "पन आबा, तुमची मिशी सगळी पांढरी झाली. म्हातारं झाला व्हय? मग आता घरी या की."

केरबानं टेप बंद केला. बराच वेळ तो मिशीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "साहेब, रजेचा अर्ज लिवा."

"कारण काय लिहू?"

"लिवा, मिशी काळी हाय, ती दाखवाय जायचंय."

मी 'घरगुती काम' असं लिहिलं. रजा मंजूर झाली. निघताना त्यानं माझा कॅमेरा मागितला, पोरीसंगं फोटो काढायला. मी तो पुसून, मोठ्या दिमाखात त्याच्या हातात ठेवला.

"ने! पण काढणार कोण?"

"त्योच इचार करतोय," केरबा गंभीरपणे म्हणाला. "रहमानभाईला रजा मिळंल का?"