दुखणाऱ्याची सही

आमच्या गावात दाढ ज्याची किडते त्याला ती दुखत नाही, त्याच्या माणसाला दुखते. नवऱ्याची बायकोला, बायकोची नवऱ्याला, पोरांची आईला. म्हणून माझ्या दवाखान्यात दोन खुर्च्या आहेत. ड्रिल एकाच्या तोंडात, भुलीचं इंजेक्शन दुसऱ्याला. अर्जावर दुखणाऱ्याचं नाव, नातं आणि सही लागते. बाहेरगावचे डॉक्टर हसतात. हसोत बापडे.

निवृत्त पोस्टमास्तर वामनराव खटावकर मात्र एकटेच आले. चावायला एवढी एकच दाढ उरलेली, तीही पोखरलेली.

“दुखणारं माणूस?” मी विचारलं.

“यमुना जाऊन सहा वर्षं झाली. आता कोणाला दुखणार? करा सुरू.”

“तसं चालत नाही. ठणका कुठेतरी जातोच. माणूस सापडेपर्यंत मला दाढ भरता येणार नाही, आणि महिनाभरात तिचे तुकडे पडतील.”

“मग पडू देत. माझं कोणी नाही, डॉक्टर.”

मला फार वाईट वाटलं. पण तपासणी नियमाप्रमाणे करावीच लागते. मी किडीत सळई टेकवली. बाहेरच्या बाकावर कोणीतरी “अगं आई गं!” म्हणून ओरडलं.

बाकावर वाचनालयाच्या ग्रंथपाल सुनंदाबाई पेंढारकर होत्या. दोन वर्षांत चौथ्यांदा आल्या होत्या. यांच्या दाढा ठणठणीत, पण डावीकडे सारखा ठणका. कोणाची दाढ असेल विचारलं की “असेल कोणाची तरी” म्हणून विषय बदलायच्या.

शहानिशा म्हणून मी पुन्हा सळई टेकवली. त्या पुन्हा ओरडल्या.

वामनराव दारात गेले. “बाई, तुम्ही?”

“दोन वर्षं झाली!” बाई गाल धरून कडाडल्या. “आणि तुम्ही रोज माझ्यासमोर पेपर वाचत खुशाल सुपारी फोडता!”

वामनरावांनी खिशातली सुपारीची डबी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

मी बाईंना भूल दिली, वामनरावांची कीड काढली आणि दाढ भरली. आठ दिवसांनी दोघांना बोलावून कॅप बसवली.

“चावून बघा,” मी वामनरावांना म्हणालो. त्यांनी चावलं.

“उंच लागतंय का?” मी बाईंना विचारलं.

“किंचित.”

थोडी घासली. बाईंनी मान डोलावली आणि अर्जावर सही केली. नात्याचा रकाना तेवढा राहिला होता. वामनराव पेन हातात धरून बसून राहिले.

“लिहा की,” बाई म्हणाल्या. “एवढं दुखून झालं, आता कशाला लाजता?”

वामनरावांनी लिहिलं. मी दोघांना सहा महिन्यांनी एकत्रच यायला सांगितलं.